तयार पंचायतन संच घ्यावा का? शाळिग्राम, बाण आणि उरलेले तिघे

तीर्थक्षेत्री पूजासाहित्याच्या दुकानांत, आणि हल्ली मोबाइलवरूनही, ‘पंचायतन संच’, म्हणजे एकत्र पुजायच्या पाच देवांची डबी, सर्रास मिळते. आत मखमलीवर पाच दगड असतात: विष्णूचा काळा शाळिग्राम, शिवाचा राखी-तपकिरी बाण, गणपतीचा तांबडा शोणभद्र, पितळेसारखा चमकणारा देवीचा पाषाण आणि सूर्यासाठी पांढरं स्फटिक किंवा सोनेरी झगमगणारा खडा. सोबत पाच खळग्यांचं पितळी तबक, बाण बसवायची इवलीशी शाळुंका आणि ‘अस्सल, स्वयंभू, सिद्ध केलेला’ असं छापलेलं प्रमाणपत्र. किंमत काही शे रुपयांपासून पाच आकड्यांपर्यंत कितीही.

निकाल आधीच सांगतो. संच म्हणून घेऊ नका. शाळिग्राम आणि स्फटिक नीट पारखून सुटे घ्या, बाण आणि तांबडा पाषाण साधे, स्वस्तातले घेतले तरी चालतील, आणि देवीचा म्हणून जो दगड डबीत येतो तो घेऊच नका.

या पाच दगडांची मातब्बरी कशात आहे ते आधी पाहू. घडवलेल्या मूर्तीला प्राणप्रतिष्ठा लागते. मातीच्या गणपतीत देव बोलवावा लागतो आणि शेवटी त्याला निरोप द्यावा लागतो. शाळिग्राम आणि बाण यांना यातलं काहीच लागत नाही. तिथे देव आधीपासून आहे असं धरलेलं असल्यामुळे आवाहन-विसर्जनाच्या जागी नुसती फुलं वाहतात. आपल्याकडे गावोगावी जे तांदळे आहेत, नाक-डोळे नसलेले आणि शेंदराखाली नुसता दगड असलेले, त्यांच्यामागेही हीच समजूत आहे: देवाने स्वतःहून दाखवलेलं रूप माणसाने दिलेल्या रूपापेक्षा वरचढ. दासबोधात अर्चनभक्तीच्या समासात देवांची जी लांबलचक यादी येते, तीत धातू-मातीच्या मूर्तींबरोबर शाळिग्राम, बाण आणि सूर्यकांतही आहेत.

दुकानदार पैसे घेतो ते नेमके या गोष्टीचे. ‘हाताने घडवलेलं नाही’ हा या मालाचा मुख्य गुण. म्हणून आमची फुटपट्टीही तीच: दगडावर माणसाचा हात किती फिरलाय, आणि फिरला असेल तर विकणारा ते कबूल करतो का.

शाळिग्राम

गंडकीतला कुठलाही काळा गोटा म्हणजे शाळिग्राम नव्हे. २०२३च्या सुरुवातीला अयोध्येतल्या राममूर्तीसाठी नेपाळमधून मोठमोठ्या शिळा आणल्या, तेव्हा बातम्यांत त्यांना सरसकट शाळिग्राम म्हटलं गेलं. त्या काली गंडकीच्या शिळा होत्या हे खरं, पण देवघरातला चक्रांकित, म्हणजे वेटोळ्याची खूण असलेला, शाळिग्राम ही वेगळी वस्तू आहे. (मूर्ती शेवटी कर्नाटकातल्या काळ्या दगडाची झाली.)

देवघरातला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्याच्याच कुळातला हा जीव, फक्त अंगावर गुंडाळलेला शंख असलेला. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हिमालय वर यायच्या आधी, तिथे टेथिस समुद्र होता. तळाच्या गाळात हे शंख पुरले गेले, भोवती कठीण गाठी धरल्या आणि गाळाचा काळा शेल दगड झाला. पुढे पर्वत उठला, काली गंडकीने तो कापला आणि नेपाळच्या मुस्तांगमध्ये, दामोदर कुंडापासून कागबेनी-जोमसोमपर्यंतच्या पात्रात, या गाठी सुट्या होऊन वाहू लागल्या. पुराणातली हकिगत वेगळी आहे. वृंदेच्या शापाने विष्णू शिळा झाला आणि वज्रकीटकांनी त्या शिळेत शिरून चक्रं पाडली. दोन्ही हकिगतींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. चक्र बाहेरून कुणी कोरलेलं नाही, आत राहणाऱ्या जीवाने केलेलं आहे. खोटा शाळिग्राम पकडायचा तो इथेच.

बाजारात तीन प्रकारचा गडबडमाल दिसतो. पहिला, काळ्या रेझिनमध्ये दगडाची पूड घालून साच्यात ओतलेला. दुसरा, साध्या काळ्या गोट्यावर यंत्राने चक्र कोरलेला. तिसरा, दगड खरा, पण तोंड यंत्राने रुंद केलेलं आणि वर काळं पॉलिश मारलेलं. हा तिसरा सगळ्यात जास्त विकला जातो, आणि अनुभवी माणसंही त्याला फसतात.

आधी वजन पाहा. दागिन्यांसाठी वापरतात तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. कोरड्या दगडाचं वजन लिहून ठेवा. मग पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि दोरा हातातच धरा. काट्यावर आता जो आकडा दिसेल तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा. ८४ ग्रॅमचा दगड पाण्यात ३१ दाखवत असेल तर घनता २.७, म्हणजे दगडाच्या हिशेबात ठीक. उत्तर दोनच्या खाली आलं तर तो ओतीव आहे, पुढे बघायची गरज नाही. तीनच्या वर गेलं तर आत पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं खनिज, भरपूर असणार. त्याला परंपरेत हिरण्यगर्भ म्हणतात. तो खोटा नाही, पण सांभाळायला कटकटीचा, ते पुढे येईल. दगडात पोकळी किंवा भेग असली की आकडा चुकतो, म्हणून बुडवल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा.

मग चक्र. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं. चक्राच्या मध्याशी टाचणीचं टोक टेकवा आणि खाचेतून हळूहळू पुढे न्या. खऱ्या अमोनाइटमध्ये टाचणी फिरत फिरत बाहेर येते, आणि प्रत्येक फेऱ्याला खाच आधीपेक्षा रुंद होते, कारण प्राणी वाढेल तसा शंख वाढत गेला. कोरलेल्या मालात टाचणी एकाच गोलात फिरत राहते, कारण कारागीर सोय म्हणून एकात एक वर्तुळं पाडतो. नंतर आडव्या बरगड्या पाहा. गंडकीच्या पुष्कळ शाळिग्रामांत मध्याकडून एक रेघ निघते आणि बाहेरच्या कडेपाशी तिला दोन फाटे फुटतात. हे फाटे सारख्या अंतरावर नसतात, कुठे झिजलेले, कुठे दगडात बुडून गेलेले असतात. यंत्राच्या रेघा सगळीकडे एकाच खोलीच्या, आणि खाचेच्या तळाशी बारीक समांतर ओरखडे. ओतीव मालात टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसतात, ते हवेचे बुडबुडे. दुकानात त्याच प्रकारचे आणखी दोन-तीन नग मागून शेजारी ठेवा. निसर्ग दोन शंख सारखे करत नाही, साचा करतो.

कापसाला स्पिरिट लावून खालच्या बाजूने पुसा. थोडा तेलकटपणा आला तर चिंता नको. तेल लावून ठेवणं ही जुनी रीत आहे, त्यात फसवणूक नाही. कापूस काळा झाला तर पॉलिश आहे. तोंड, म्हणजे द्वार, यंत्राने उघडलं असेल तर कड धारदार लागते आणि आतल्या कोपऱ्यात पांढुरकी पूड अडकलेली सापडते. नदीने उघडलेल्या तोंडाची कड बोटाला गुळगुळीत लागते.

नावाचे जास्त पैसे देऊ नका. चक्रांच्या संख्येवरून नावं देण्याची परंपरा पुराणांत आहे: एक चक्र सुदर्शन, दोन लक्ष्मीनारायण, असं करत बाराच्या वर अनंत. शिवाय आकार, रंग, तोंडाची रुंदी यांवरून मत्स्य, कूर्म, वामन, नरसिंह. पण वेगवेगळ्या पुराणांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्याचा पुरेपूर फायदा दुकानांत घेतला जातो. एकच दगड एका गल्लीत वामन असतो आणि पुढच्या गल्लीत ‘दुर्मीळ’ लक्ष्मीनारायण. घरच्या पूजेला आवळ्याएवढा, स्थिर बसणारा, एक स्पष्ट चक्र असलेला शाळिग्राम पुरे. मोठं तोंड वासलेले, खडबडीत नरसिंह प्रकार उग्र मानतात आणि गृहस्थाने टाळावेत असा संकेत आहे. शाळिग्राम एक चालतो, दोन चालत नाहीत, पुढे सम संख्येत ठेवतात: चार, सहा. म्हणून ‘एकावर एक मोफत’ ही योजना राबवणाऱ्याला विषयाची गंधवार्ता नाही असं समजावं.

राहिला भाव. पद्मपुराणात वचन आहे की शाळिग्रामाचं मोल करणारा, विकणारा, त्याला संमती देणारा आणि पारख करून मान डोलावणारा असे सगळेच नरकात जातात. म्हणून जुन्या वळणाचे दुकानदार किंमत म्हणत नाहीत, ‘दक्षिणा’ म्हणतात, आणि मग घासाघीस करणंही अवघड होऊन बसतं. त्या वचनात परीक्षकालाही सोडलेलं नाही, तेव्हा हा लेख लिहिणाऱ्यांची सोय आधीच झालेली आहे.

तोच शंख, दुसरे देव

हा जीवाश्म जगभर सापडतो, आणि गंमत म्हणजे जिथे सापडला तिथे बहुतेक ठिकाणी तो कुणाचा तरी देव किंवा दैवी खूण ठरला. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने सोनेरी रंगाच्या, मेंढ्याच्या शिंगासारख्या एका दगडाची नोंद केली आहे. तो इजिप्तच्या अम्मोन देवाचं शिंग मानला जाई, आणि त्याच्यामुळे भविष्य सांगणारी स्वप्नं पडतात अशी ख्याती होती. सोनेरी रंग म्हणजे पायराइटच, आपला हिरण्यगर्भ. कॅनडातल्या अल्बर्टाच्या माळरानावरच्या ब्लॅकफूट लोकांत अमोनाइटचे आणि त्याच्या सरळ शंखाच्या भाऊबंदांचे तुकडे ‘इनिस्किम’ म्हणून पूजले जातात. दुष्काळात एका बाईला दगड गाताना ऐकू आला आणि त्याने रानगवे परत बोलावण्याची गाणी शिकवली, अशी त्यांची कथा आहे. तिथे देव दगडातून बोलतो. शाळिग्राम बोलत नाही, नुसता असतो.

बाजाराच्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडच्या व्हिट्बी गावचं. सातव्या शतकातल्या संत हिल्डाने तिथल्या सापांचे दगड केले अशी आख्यायिका आहे, आणि तिथल्या कड्यांतून निघणारे अमोनाइट हे ते साप. अडचण एवढीच की त्यांना डोकी नव्हती. मग विक्रेत्यांनी शंखाच्या बाहेरच्या टोकाला सापाची डोकी कोरून ते भाविकांना आणि पर्यटकांना विकायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा धंदा जोरात होता, आणि असे नग आज संग्रहालयांत आहेत. देवाने दाखवलेल्या खुणेत काही कमी पडतंय असं गिऱ्हाइकाला वाटलं की कारागीर ती भरून काढतो. गंडकीच्या शाळिग्रामाचं तोंड रुंद करणारा कारागीर त्याच जातकुळीतला.

आणि खुद्द मुस्तांगमधलं मुक्तिनाथ, जवळपास ३,७०० मीटर उंचीवर: वैष्णवांचं मुक्तिक्षेत्र, आळवार या तमिळ वैष्णव संतांनी गायलेल्या १०८ दिव्यदेशांतलं एक, आणि तितकंच तिबेटी बौद्धांचं, त्यांच्या गुरू पद्मसंभवाचं स्थान. जमिनीतल्या वायूवर जळणारी तिथली ज्योत बौद्ध भिक्षुणींच्या देखरेखीखालच्या गोम्पात, म्हणजे मठात, आहे. एकाच डोंगरावर दोन परंपरांना आपापला देव दिसतो आणि भांडण होत नाही.

बाण

शाळिग्रामानंतर फसवणूक बाणात जास्त असायला हवी, पण तसं नाही. इथे फसवणुकीपेक्षा गैरसमज मोठा आहे. पूर्वी नर्मदेत धाराजीजवळ पाण्याच्या धारेखालच्या रांजणखळग्यांत गोटे वर्षानुवर्षं गरगरत राहून आपोआप लांबट-गोल व्हायचे. ते स्वयंभू बाण. ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यात तो भाग पाण्याखाली गेला. आज बाजारात येणारे बहुतेक बाण मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात तयार होतात. नर्मदेतूनच दगड आणायचा, चाकावर घासून आकार द्यायचा, मग बारीक पॉलिश. काम सुबक असतं आणि तिथले कारागीर ते लपवत नाहीत. लपवतो तो मधला व्यापारी.

ओळख सोपी आहे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, अंड्यासारखा रेखीव, आरशासारखी चकाकी: घासलेला. एका बाजूला किंचित फुगीर, तळ आणि माथा वेगळा ओळखू येणारा, चकाकीऐवजी मऊ तुकतुकी: नदीचा असण्याची शक्यता. घासलेला घ्यायला हरकत नाही, फक्त स्वयंभूचे पैसे मोजू नका. दगड तरी कठीण आहे ना एवढं पाहा. खालचा भाग रिकाम्या काचेच्या बाटलीवर जोर देऊन ओढा. गारगोटीच्या जातीचा दगड काचेवर ओरखडा पाडतो. संगमरवर किंवा मऊ दगड पाडत नाही आणि रोजच्या अभिषेकाने काही वर्षांत त्याची तकाकी जाते.

बाण तांदळाने अनेकदा तोलावा, दर वेळी वजन वेगळं भरलं तर तो खरा, अशी एक शास्त्रोक्त कसोटी सांगतात. काही दुकानांत ती साभिनय करूनही दाखवतात. हातात धरायच्या तराजूत तांदळाचे पाच-दहा दाणे इकडेतिकडे व्हायचेच, त्यामुळे या कसोटीत भाजी मंडईतला बटाटाही स्वयंभू ठरेल. श्रद्धा म्हणून करा, खरेदीचा आधार म्हणून नको.

घरासाठी अंगठ्याच्या पेराएवढा बाण पुरतो. संचातल्या शाळुंकेत तो झटपट गोंदाने चिकटवलेला असतो. पाण्याने काही महिन्यांत गोंद पांढरा पडतो आणि त्याच्या खाली घाण साचते. सुटाच ठेवा किंवा लाखेने बसवून घ्या. शाळुंकेचं मुख उत्तरेकडे.

तांबडा पाषाण

याच्यावर जास्त वेळ घालवू नका. शोण नदीतला तांबडा गोटा हा मूळ संकेत. बाजारात मिळतो तो बहुधा तांबडा जास्पर किंवा भाजून लाल केलेला अकीक. गुजरातेत खंभातकडे अकीक भाजून रंग खुलवण्याची कला फार जुनी आहे. दोन्ही टिकाऊ आणि पाण्याला पक्के. नकोत ते दोनच: रंगवलेला पांढरा दगड (नेलपॉलिश काढायच्या द्रावात भिजवलेल्या कापसाने पुसा, कापूस लाल झाला की परत करा) आणि आधीच जाड शेंदूर थापून आलेला गणपती. शेंदराखाली काय आहे ते कळत नाही, हा एक भाग. दुसरा महत्त्वाचा: बाजारातल्या शेंदरात शिशाचं ऑक्साइड असू शकतं. अशा दगडावरून आलेलं तीर्थ पिऊ नये, लहान मुलांना तर मुळीच देऊ नये.

देवीचा पाषाण

परंपरेने हा दक्षिणेतल्या सुवर्णमुखी नदीतला, धातूची चमक असलेला दगड. डबीत येतो तो पायराइटचा खडा. दिसायला सुंदर, सोन्यासारख्या चौकोनी कडा, आणि रोजच्या पूजेला अगदी निरुपयोगी. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. ओल आणि हवा मिळाली की त्यातून लोहाचे क्षार आणि गंधकाम्ल तयार होतं. आधी तबकावर तपकिरी डाग पडतो, मग खड्यावर पिवळट-पांढरी पूड येते, काडेपेटीसारखा उग्र वास सुटतो आणि शेवटी खडा भुसभुशीत होऊन तुटतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर अभिषेक न करताही हे होऊ शकतं. त्याच्यावरचं तीर्थही पिण्याजोगं नाही. दुकानदाराला याबद्दल विचारलं तर ‘देवीने दोष ओढून घेतला’ असं उत्तर मिळू शकतं. ते रसायनशास्त्र आहे.

इथे आमचा सल्ला सरळ आहे: त्या खळग्यात कुलदेवीचा चांदीचा टाक किंवा छोटी अन्नपूर्णा ठेवा. महाराष्ट्रात पुष्कळ घरांत पंचायतनात तेच असतं.

पायराइट भरलेल्या हिरण्यगर्भ शाळिग्रामालाही हीच बाधा होते, म्हणून त्याला रोज पाण्यात ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसणं पुरे, आणि लगेच कोरडा करून वर तिळाच्या तेलाचा पातळ हात.

सूर्यासाठी स्फटिक

जुन्या वर्णनातला सूर्यकांत म्हणजे उन्हात धरल्यावर अग्नी पाडणारा मणी. तेव्हा स्वच्छ, गोलसर स्फटिक हाच त्याला जवळचा. डबीत मात्र पुष्कळदा सोनेरी ठिपक्यांनी झगमगणारा लालसर खडा असतो. व्यापारात त्याला सनसितारा म्हणतात, आणि तो तांब्याचे कण घातलेली काच आहे. भिंगातून पाहिलं की सगळे ठिपके एकसारखे, त्रिकोणी-षट्कोनी आणि सगळीकडे सारख्या दाटीने पसरलेले दिसतात. कारखान्यात केलेल्या वस्तूला स्वयंव्यक्त सूर्य म्हणणं जरा जास्तच होतं.

पांढऱ्या स्फटिकात काच ओळखायला वजनाची रीत उपयोगी नाही, दोघांची घनता फार जवळ असते. त्याऐवजी पांढऱ्या कागदावर एक केस ठेवा, त्यावर स्फटिकाचा गोळा ठेवून वरून पाहा आणि गोळा सावकाश सगळीकडे फिरवा. खऱ्या स्फटिकात बहुतेक बाजूंनी केस दोन दिसतो. काचेत कितीही फिरवला तरी एकच. आत धुक्यासारख्या रेषा किंवा पिसासारखे पडदे असतील तर चांगली खूण, गोल बुडबुडे असतील तर काच. बिलोरी शुद्ध, कुठेही डाग नसलेला मोठा गोळा स्वस्तात मिळत असेल तर तो संशयास्पदच.

गोळा देवघराच्या खिडकीशी ठेवू नका. सकाळचं ऊन सरळ आलं तर मागचा पडदा किंवा वातींचा कापूस पेटू शकतो.

तबक, मांडणी, पंचामृत

संचाबरोबर येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा एकच आकृती असते, आणि ती सगळ्यांना लागू नाही. ज्या देवाचं पंचायतन तो मध्ये, उरलेले ईशान्येपासून प्रदक्षिणेने, म्हणजे ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य या क्रमाने. शिव मध्ये असेल तर विष्णू, सूर्य, गणपती, देवी. विष्णू मध्ये असेल तर शिव, गणपती, सूर्य, देवी. सूर्य मध्ये असेल तर शिव, गणपती, विष्णू, देवी. देवी मध्ये असेल तर विष्णू, शिव, गणपती, सूर्य. गणपती मध्ये असेल तर विष्णू, शिव, सूर्य, देवी. दगडी बांधकामात ही रचना पाहायची असेल तर पुण्यात पर्वतीवर जा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देवदेवेश्वर हे शिवपंचायतनच आहे, मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांना चौघे.

तबक पितळी असेल तर त्यात पंचामृत साचू देऊ नका, दही कळकतं आणि ते तीर्थ म्हणून प्यायलं जातं. पंचामृतासाठी चांदीची वाटी किंवा सरळ स्टीलचं ताम्हन, शुद्धोदकासाठी तांब्या-पितळेचं. दही-मध उतरलं की लगेच कोमट पाणी. काही शाळिग्रामांत शंखाच्या जागी चुन्याचं खनिज भरलेलं असतं आणि आंबट त्याला खातं. त्याच कारणाने चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पूड देवाच्या दगडांना कधीही लावू नये. चक्राच्या बारीक रेघा अशाच जातात, आणि त्या परत येत नाहीत.

विकत घेण्याआधी

नातेवाइकांकडे एकदा विचारा. पूजा बंद झालेल्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या तांब्याच्या संपुष्टात पंचायतन पडून असतं, आणि ते डबीतल्या संचापेक्षा बहुतेक वेळा सरस निघतं. वर गंध, तेल आणि शेंदूर यांचा थर असतो. शाळिग्राम, बाण आणि स्फटिक रिठ्याच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मऊ दातब्रशने आणि बांबूच्या कामटीने थर सोडवा, लोखंडी टोक वापरू नका. मग दिवसभर सावलीत वाळवा. शेंदराचा थर कोरडा खरवडू नका, त्याची धूळ नाकात जाते. ओला करून काढा आणि तो चिखल झाडांच्या कुंडीत टाकू नका.

दोन घरांचे देव एकत्र आले की दोन शाळिग्राम होतात आणि लोक घाबरून एक नदीत सोडायला निघतात. तसं करायची गरज नाही. एक भावाला, मुलीला, ज्याच्या घरी पूजा होते त्याला द्यावा. शाळिग्रामाचं दान फार मोठं मानलेलं आहे. चक्र शाबूत असेल तर टवका उडालेला किंवा भेगाळलेलाही पूजेला चालतो, म्हणून तेवढ्यासाठी तो बदलून नवा आणू नका.